सोळा फुटी नळी

एस्बियर्गला माझं दुकान, बंदराच्या मागच्या गल्लीत.
जानेवारीत चारलाच अंधार, आणि वारा असा
की आधी दार आत येतं,
मग गिऱ्हाईक.

बोदिल क्रागेलुंड आली फानो बेटावरून, फेरीनं,
एका हातात सीडी, दुसऱ्या हातात स्वतःची उशी.
"दुकानातल्या खुर्च्या कधी नीट नसतात," म्हणाली, बसायच्या आधीच.
चाळीस वर्षं चर्चचे ऑर्गन जुळवत फिरली,
नळ्यांच्या दाटीत गुडघ्यांवर रांगत.
आता वरचे स्वर गेलेत. आधी चिमण्या,
मग केटलीची शिटी, मग नातवाचा स.
"खालचा मजला शाबूत आहे,
उरलेलं आयुष्य तिथेच काढायचंय. तर तिथलं सामान दाखव."

मी मोठी जोडी लावली.
छातीएवढी उंच, अक्रोडाचं लाकूड,
पाठीत मूठ जाईल एवढं भोक.
खर्ज असा भरला की बशीतले चमचे बोलू लागले.
आस्गर, माझा पोरगा, मान डोलवायला लागला.
बहुतेक लोक हीच नेतात.
त्यांना पोट भरल्यासारखं वाटतं, माझं भाडं निघतं.

बोदिलनं ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.
"सूर संपला. पेटी अजून बोलतेय.
माझ्या दिराला ही खोड होती.
निरोप घेऊन झाला, कोट चढवून झाला,
की दारात उभं राहून पुन्हा पहिल्यापासून."

जोडी भिंतीपासून हातभर पुढे ओढली.
खाली फरशी सरकवली.
भोकात मोजा कोंबला, माझाच, धुतलेला.
दीर थोडा वरमला. गप्प काही बसेना.

कोपऱ्यात बंद पेट्यांची एक जोडी होती,
करडी, बुटकी, वजनाला मात्र वासरू.
दोन वर्षं कुणी विचारली नव्हती.
तिनं स्वतःची सीडी दिली: सत्त्याऐंशी सालची,
बेटावरच्याच चर्चमधली, हातानं लिहिलेलं कव्हर.

पहिलं मिनिटभर वाटलं, खर्ज आहे कुठे?
आस्गरनं माझ्याकडे पाहिलं, मी तारांकडे.
मग सोळा फुटी नळी उघडली
आणि आम्ही तिघं कशावर तरी उभे आहोत
हे तळपायांना कळलं.
बोदिल तर बसलेली होती. तिलाही कळलं.
मग ती नळी थांबली.
थांबली म्हणजे थांबली. मागे शेपूट नाही.
त्या मोकळ्या जागेत भात्याचा सुस्कारा,
कुणाचा तरी बूट,
लांबवर ट्रॅक्टर.

"पुन्हा."
पुन्हा लावलं.
ती गुडघ्यावर बोटांनी मोजत होती,
एक, दोन, फुगतो; एक, दोन, ओसरतो.
"दोन नळ्या आहेत. एकमेकींपासून केसभर लांब.
पाद्री सांगायचे, हा कंप म्हणजे भक्ती.
कसली भक्ती? ही मी.
बोटं गारठली होती आणि शेवटची फेरी गाठायची होती."

अशा वेळी दुकानदारानं कॉफी आणावी. आणली.
मोठ्या पेटीत हे कधीच कळलं नसतं,
तिच्या गोधडीखाली सगळ्यांच्या चुका उबेत झोपतात,
पण हे मी बोललो नाही.
ती जोडी मला अजून विकायची आहे.

तिनं घासाघीस केली नाही. उशी मात्र विसरली.

गुरुवारी आस्गर पेट्या पोचवायला गेला, उशीसकट,
आणि पार रात्री परतला.
पेट्या लावल्यावर म्हणे त्याला चर्चमध्ये नेलं,
पायपट्टी दाबून धरायला.
ती वर चढली, त्र्याहत्तराव्या वर्षी, दातांत टॉर्च,
लाकडी नळीच्या दट्ट्याला दोन हलक्या टिचक्या.
"जुळलं का?" मी विचारलं.
"मला काय कळतंय? ती वरून ओरडली, सोड.
मी पाय उचलला.
आणि बाबा, ते थांबलं ना..."

पुढे त्याला शब्द सापडेना.
दार तसंच उघडं धरून तो उभा,
पावत्या उडायला लागल्या.
"लाव ते," मी म्हटलं. जरा वेळानं.