परतीची रेघ

हमरियाच्या गोदीत यंत्र जहाजाच्या पोटाखाली बसवलं
तेव्हा सेल्वराजने आठही बोल्ट शपथेवर आवळले होते.
तरी कुठेतरी अंशभर वाकडं राहिलंच.

आज किनाऱ्यापासून लांब, तीस मीटर पाण्यात,
भरती-ओहोटीच्या मधली थबकलेली वेळ साधून
उत्तरेला दहा मैल जायचं
आणि त्याच रेघेवरून परत यायचं.
पोटातून चार आवाज निघतात, चार अंगांना,
आपल्याला ऐकू न येणारे.
पाण्यातल्या धुळीला, धुळीएवढ्या जिवांना लागून
किंचित बदललेल्या सुरात परततात.
त्या किंचितातून काढायची पाण्याची ओढ.

हर्णैला मामू दोरीला शिसं बांधून सोडायचा,
दोरी किती तिरपी जाते ते बघून म्हणायचा,
आज पाणी वरच्या अंगाला ओढतंय.
त्याच्या दोरीचं शून्य कुठे होतं
ते कुणी विचारलं नाही.

जाताना पडद्यावर: पाणी पश्चिमेला,
सेकंदाला बारा सेंटिमीटर,
वरपासून तळापर्यंत एकसारखं.
कॅप्टन मुरादने जहाज वळवलं.
काचेला बाहेरून घाम.
येताना: पाणी पूर्वेला. तेवढंच.
म्हणजे दोन्ही वेळा आमच्या डावीकडे.

जे आपल्याबरोबर वळतं ते समुद्राचं नसतं.
हे वहीत लिहिलं नाही.
वहीत लिहिलं: एक पूर्णांक चार अंश.

एकोणीस वर्षं झाली मला इथे.
सुट्टीत गेलो की वाटतं, गाव जरा डावीकडे सरकलंय.
परत येतो तर कॅम्पातली खोलीही तशीच.
नसीमा म्हणते, चष्मा बदला.

आकडा रकान्यात भरायचा. अधिक की उणे?
पुस्तिका एक सांगते, गेल्या खेपेची वही दुसरं.
मी अधिक टाकलं.
पुन्हा उत्तरेला. पाणी पश्चिमेला, चोवीस.
मुराद काही बोलला नाही.
फक्त डिझेलच्या काट्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.
खाली रेयनाल्डोने भात चढवला होता, त्याचा वास.

उणे.

तिसऱ्यांदा निघालो तेव्हा ऊन कललं होतं,
क्षितिजावर तेलविहिरींच्या ज्वाळा दिसू लागल्या होत्या
आणि थबकलेलं पाणी सुटलं होतं.
पडद्यावर उरली एक बारीक ओढ,
सहा सेंटिमीटर, ईशान्येला.

वळलो.
श्वास धरून बघत राहिलो
ईशान्येलाच.