दोन बोटं पाणी

पद्मजा आवटींची गाडी तिसऱ्यांदा आली
तेव्हा टर्बो नवा होता आणि धूर तोच.
पन्हाळ्याच्या चढाला, वाघबीळच्या पुढं,
मागं निळा पडदा सुटतो म्हणाल्या,
लोक काचा वर करतात, माझ्याकडं बघतात.
शाळेत गणित शिकवतात बाई.
"दोन टर्बो घातले, उत्तर तेच येतंय.
म्हंजे गणितच चुकीचं मांडलंय की हो."

मी काही बोललो नाही.
डिपस्टिक अर्धा इंच वर सरकलेली.
तेलाचं झाकण काढून तोंडावर रबरी हातमोजा बांधला,
गाडी चालू केली.
मोजा भरत गेला, पाची बोटं ताठ उभी राहिली,
मागच्या बाकावरचं पोर कधीपासून
हात वर करून बसलेलं.

बोअर कितीही नेमकं मारा,
रिंगांच्या फटीतून थोडा जाळ खाली उतरतोच.
गाडी सावकाश असते तेव्हा
मॅनिफोल्ड तो ओढून घेतं, पुन्हा जाळतं,
घरातलं घरात मिटतं.
पण टर्बो फुंकायला लागला की वारं फिरतं.
ओढणारं तोंडच ढकलू लागतं.
त्या वेळी दार लावायला तिथं एक व्हॉल्व असतो,
आत बटणाएवढी चकती.
या गाडीची चकती मळानं अर्धवट उघडी चिकटलेली.
खाली हवा कोंडली,
टर्बोचं तेल परत उतरायचं ते उतरेना,
सील ओलांडून जळायला गेलं.
आणि आम्ही टर्बोला फासावर दिला. दोनदा.
दुसऱ्यांदा तर मीच.

फळीवर पारदर्शक नळी यू सारखी ठोकली,
पाण्यात नीळ घातली दिसावी म्हणून,
विनायक फळी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर.
शिये फाट्यापुढं मोकळा रस्ता मिळाला, पाय दाबला.
"वर चाललंय!" विनायक ओरडला, "वीतभर! वीतभर वर!"
आणि निळं पाणी त्याच्या शर्टावर.

नवा व्हॉल्व मिळाला. जाड नळी मिळाली,
टर्बोच्या तोंडापर्यंत न वाकता जाईल अशी.
मध्ये तेल अडवायला डबा पाहिजे होता,
आणि तसा डबा उद्यमनगरात एकच माणूस करतो.
बाबालाल मुल्लाशी माझं दीड वर्ष बोलणं नव्हतं.
एका लायनरच्या मापावरून.
दोन सुताचा प्रश्न, खरं तर एकाचा.

चिठ्ठीवर चित्र काढलं, विनायककडं दिलं.
व्यास, उंची, खाली तोटी.
आत पितळी घासणी भरायची, भांड्याची, तेही लिहिलं.
चिठ्ठी परत आली. चित्रात त्यानं
आत दोन आडव्या पट्ट्या वाढवलेल्या पेन्सिलीनं,
आणि खाली: घासणी सुटून तुकडा आत गेला तर?
बरोबर होतं त्याचं. रागच आला.

परवा डबा आला. अॅल्युमिनियमचा,
लेथच्या रेघा बोटाला लागत नाहीत असा.
किंमत लिहिलेली नाही.

पुन्हा फळी, पुन्हा नीळ, तोच रस्ता.
या वेळी विनायक ओरडला नाही.
मी विचारलं, काय रे?
"दोन बोटं," म्हणाला, "पण उलटीकडं.
आत ओढतंय, मास्तर."
बाई मागच्या सीटवर होत्या.
"उणे दोन," त्या हळूच म्हणाल्या.

महिन्यानं तोटी सोडली.
अर्धा कप निघालं, दूध फाटलेल्या कॉफीसारखं,
पाणी, तेल, आंबूस पेट्रोलचा वास.
एवढं सगळं ती गाडी आजवर गिळत होती.
सरबताच्या बाटलीत भरलं, बूच लावलं
आणि दुसऱ्या गल्लीत गेलो.

बाबालालनं लेथ बंद केली नाही.
बाटली उजेडाला धरली, हलवली,
बूच काढून वास घेतला.
मी म्हटलं, पैसे किती झाले सांगितलं नाहीस.
त्यानं बाटली माझ्याकडं न देता
खिडकीत ठेवली, मायक्रोमीटरच्या शेजारी.

"ते लायनर," तो म्हणाला, चष्मा पुसत,
"आणलंयस का बरोबर?"