पिवळं न होणं

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना सांगते:
आमच्या कामात काहीच न घडणं
हीच बातमी असते.

शहाण्णव खळगे, करंगळीच्या नखाएवढे.
प्रत्येकात थेंबभर यीस्टचं विकर
आणि साखरेचा एक तुकडा,
ज्याच्या शेपटीला रंग बांधून ठेवलेला.
विकर शेपटी तोडतं, रंग सुटतो,
खळगा लिंबाच्या सालीसारखा पिवळा होतो.

त्या मंगळवारी चांग गावात दोनदा वीज गेली.
बर्फाच्या डब्यातली विकराची कुपी
मी अंगावरच्या पोरासारखी सांभाळली;
तिची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी.
चौथ्या ओळीत, सातवा खळगा:
नितळ.
वीस मिनिटं नितळ. तीस मिनिटं नितळ.
त्यात मामाच्या टेकडीवरल्या झाडाची साल होती,
वाळवून, कुटून, मिथेनॉलमध्ये भिजवून,
आठ महिने गाळून गाळून उरलेली
चिमूटभर फिकट भुकटी.

पुस्तकं कुलूप-किल्ली म्हणतात. मला पटत नाही.
बाजाराच्या तोंडाशी फोकू न्हाव्याची एकच खुर्ची आहे.
तिच्यावर म्हातारा तेने येऊन बसतो.
डोक्यावर केस नाही, गालावर दाढी नाही,
नुसता बसतो, रेडिओ ऐकतो.
गिऱ्हाइकं येतात, बघतात, परत जातात.
कात्री शाबूत, हात शाबूत, धार शाबूत,
फक्त खुर्ची रिकामी नाही.
रेणू असा बसतो.
कडेला हायड्रोजनची हलकीशी पकड,
पाठीशी सपाट कड्यांचा टेका,
आणि तोडण्यासारखं अंगावर काहीच नाही.
बाजाराच्या दिवशी गर्दी झाली
की कुणीतरी तेनेला दंडाला धरून उठवतं.
साखर वाढवली की हाही उठतो.
आलेखावर माझ्या चार रेषा
उभ्या अक्षावर एकाच ठिकाणी भेटल्या तेव्हा कळलं,
भांडण जागेचंच होतं.

मामाला फोन केला.
साखरेनं त्याच्या डाव्या पायाचा अंगठा नेलाय.
"तुझं झाड चालतं," म्हटलं.
"मला माहीतच होतं," म्हणाला,
आणि मी नको नको म्हणत असताना
राफियाच्या ताडीचा पेला भरल्याचा आवाज
फोनमधून आला.
त्या ताडीतही यीस्टच,
फेस काढत, कुणीही न अडवलेलं.

ऑगस्टात उंदराच्या आतड्याचं विकर आलं.
काम तेच, घडण निराळी.
"आता खरी परीक्षा," डॉक्टर वाबो म्हणाले
आणि हातातला चहा खाली ठेवला.
दहा मिनिटांत सगळे खळगे पिवळे.
रेणू दुप्पट घातला. पिवळे.
दहापट. पिवळे.
जणू खुर्ची काढून तिथं कुणी बाकडं टाकलं होतं
आणि तेनेला त्या गल्लीत कुणी ओळखत नव्हतं.
वाबोंनी चहा उचलला. गार झाला होता, तरी प्यायले.

"म्हणजे काय झालं?" मामानं विचारलं.
"म्हणजे यीस्टला कधी मधुमेह झाला
तर औषध तयार आहे."
तो इतका हसला की ठसका लागला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"झाडानं ती साल तुझ्या-माझ्यासाठी थोडीच केली होती?"

हे मी प्रबंधात लिहिलेलं नाही.
पण रात्री पुन्हा वापरायच्या प्लेटा धुताना आठवलं:
त्या टेकडीवर धुकं महिनोन्महिने हलत नाही,
खोडाखोडावर बुरशी चढते,
त्या एका झाडाचं खोड तेवढं स्वच्छ असतं.
कदाचित त्यांचं वैर जुनं असेल,
झाडाचं आणि यीस्टच्या भाऊबंदांचं,
आणि आम्ही आपलं दुखणं घेऊन
मध्येच तोंड घातलं.

तक्त्यात दोन रकाने.
डावीकडे आकडा, अभिमान वाटावा असा.
उजवीकडे आडवी रेघ.
ती मात्र मी पट्टी लावून,
सावकाश ओढली.