धुळाक्षरं

ही गिटार भाड्यापोटी आलेली.
वरच्या खोलीतला पोरगा दोन महिन्यांचं थकवून
कालामाच्या खाणीत निघून गेला
आणि माझ्या दाराशी ही ठेवून गेला, चिठ्ठी न लिहिता.
लिहिली असती तरी
कुणाला तरी बोलावून वाचून घ्यावी लागली असती.

सकाळी पाय अडखळला,
तर पोटातून हुंकारली,
झोपेत कूस बदलणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखी.

चाळीस वर्षं मी वाल्दिव्हियाच्या इस्पितळात
टेलिफोनच्या बोर्डावर बसले.
एकाचा आवाज दुसऱ्याला नेऊन दिला.
थांबा, जोडते. थांबा, जोडते.
दिवसातून तीनशे वेळा हेच दोन शब्द,
त्यात मी काय बोलले म्हणायचं?

बुधवारी नाउएल शिकवायला येतो.
एकोणीस वर्षांचा, मासळीबाजारात कामाला.
त्याच्या आधी त्याचा वास जिना चढतो.
त्याला चार कॉर्ड येतात,
पाचवाही येतो असं तो म्हणतो.
माझी बोटं धरून तारांवर मांडतो,
बर्फावर बांगडे मांडावेत तशी, अंग चोरून, शेजारी शेजारी.
"दाबा, दोन्या एर्मेलिंदा.
ताजी आहे का बघताय? तार आहे ती, मासळी नाही."

तारा रुतल्या. फोड आले, फुटले,
मीठ लागलं की डोळ्यांत पाणी.
मग एका बुधवारी त्यानं माझी बोटं टिचकीनं वाजवून पाहिली:
घट्टे पडले! आता तुम्ही वादक.
त्या रात्री मी शेगडीत एक ओंडका जास्त घातला.

गुरुवारी ओतिलियाचं पत्र आलं.
सांतियागोच्या अंधशाळेत आमच्या खाटा लागून होत्या.
तेव्हापासून दर महिन्याला ती
जाड कागदावर टोचणीनं ठिपके टोचून पाठवते.
मी डावं पहिलं बोट ठेवलं,
सत्तावन्न वर्षं हेच माझे डोळे,
आणि कागद कोरा.

कोरा नव्हता. कोऱ्या कागदाचा गारवा वेगळा असतो.
ठिपके होते,
पण भिंतीपलीकडे कुणीतरी बोलत असावं तसे.

तारा फी घेतात, हे ठाऊक होतं.
कसली घेतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तीन दिवस गिटार भिंतीला तोंड करून उभी.
मी कोमट तेलात बोट बुडवलं,
वजरीनं घासलं, मूर्खासारखं रक्त काढलं.
नाउएल म्हणाला, गिटार उलटी धरा,
तारा उलट्या लावून देतो, घट्टे उजव्या हाताला पडतील.
पोरगा हुशार आहे.
पण सा‍डेतीन कॉर्ड या डाव्या हातानं रक्त देऊन मिळवलेत,
ते दुसऱ्याच्या नावावर कसे करू?

उजवं बोट माझं निरक्षर.
आयुष्यभर चमचा, चावी, सुरी,
आणि डावं वाचत असताना ओळ धरून गप्प बसणं.
म्हटलं, चल, तुलाही शाळेत घालते.

आता सकाळी डावा हात बिगरीत, रात्री उजवा.
नदीवर समुद्रसिंह ओरडतात
ते माझ्या फाच्या कॉर्डपेक्षा बरे ओरडतात.

जे पत्र मी पाच मिनिटांत संपवायचे
त्याला चार रात्री लागल्या.
पहिल्या रात्री हाती आलं एवढंच:
"प्रिय एर्मे, इथे"
आणि डोकं टेबलावर टेकलं.
दुसरा अख्खा दिवस मी
त्या "इथे"पाशी बसून होते.
इथे काय? कोण गेलं? कोण आलं?
बटाटे करपले.
(इथे गॅस महागला होता. आणि तिची दाढ काढली होती.)

मी उलट टपाली कळवलं, गिटार शिकते आहे.
तिचं उत्तर आज आलंय, नेहमीपेक्षा जाड.
"प्रिय एर्मे, म्हातारे, तुला"
इथवर पोचलेय,
पुढचा ठिपका बोटाखाली आहे, उलगडत नाही,
आणि जिन्यावर
मासळीचा वास.