धार

तिसरा हिवाळा. तळ्यावर बर्फ इतका जाड
की पोस्टाची गाडी सरळ त्यावरून येते,
आणि आउलिसच्या होडीला अजून
नुसता कणा नि चार फळ्या.

बाकी सगळ्याला धार आहे.
रंध्याची पाती, पटाश्या, माझी कात्री,
मासे साफ करायची सुरी, बर्फाचं फावडंसुद्धा.
परवा पाव कापताना बोट कापलं,
कळलं ते पाव लाल झाल्यावर.

चारला अंधार पडतो. तो सॉनाच्या चुलीपाशी
धारेचा दगड ऊब घ्यायला ठेवतो,
गोठलेला दगड पाणी पीत नाही म्हणून.
मग सर्र, सर्र, पालथं, उताणं,
शेवटी हातावरचे केस तासून बघायचे.
डाव्या हातावर आता एक उरला नाही.

"बांधणार कधी?"
"बोथट हत्यार जोर मागतं, हेल्वी."
झालं.

काल शेडमधून हाक आली.
पाचवी फळी दोन घोड्यांवर आडवी.
रंधा त्यानं माझ्या हातात दिला
आणि स्वतःचे हात कोटात घातले.
खिसे थरथरत होते.
किती दिवस, मी विचारलं नाही.

मी रंधा टेकवला नि चालू लागले.
पाइनचं सालपट निघालं, फळीएवढं लांब,
त्यातून दिव्याची तार दिसत होती.

आज चूल पेटवताना तो म्हणाला,
"ते सालपट टाक की. लगेच पेट घेईल."
मी ओली लाकडं फुंकत बसले.