संडासातल्या सपाता

नागोयाहून परत येऊन आज अकरा दिवस झाले.
प्रतापनगरच्या चौकात ऑटोवाल्याला पैसे देताना
मी अजूनही कमरेत वाकतो.
"का हो काका, काही पडलं का?" तो विचारतो,
आणि माझ्यासोबत खाली शोधू लागतो.

तिथं कुणी काही विचारलं नव्हतं.

मुलाच्या घरमालकीण मिझुनोबाई.
त्यांच्याकडे संडासात वेगळ्या सपाता असतात,
त्या तिथंच सोडायच्या. मुलानं दोनदा सांगितलं होतं.
मी विसरलो. तसाच आलो बैठकीत,
गवती चटईवर उभा राहून
भिंतीवरच्या बगळ्याची तारीफ करत होतो,
पायांत हिरवं प्लास्टिक.

सगळ्यांना दिसलं.
बाई हसल्या, जरा वाकल्या,
चहा ओतत राहिल्या.
माझं मलाच कळलं, फार उशिरा.
त्या शांततेत मी एका हाकेसाठी आसुसलो,
आमच्या शेजारच्या यमूताई ठवकरांच्या:
"अहो भाऊ, चपला काढा न आधी,
फरशी आत्ताच पुसून ठेवली!"
ओरडा खाल्ला की चूक तिथल्या तिथं फिटते.
न बोललेली चूक
पासपोर्टसोबत घरी येते.

बर्फीचं मात्र जमलं.
संत्रा बर्फीचा डबा शरयूनं दोन्ही हातांनी दिला,
त्यांनी दोन्ही हातांनी घेतला
आणि न उघडता बाजूला ठेवला.
शरयू रात्रभर हिरमुसलेली.
सकाळी दारात एक खोका, रुमालात बांधलेला,
गाठ अशी की सोडवू नये.
"अगं बाई, हे तर आपलंच झालं!
रिकामा डबा परत धाडायचा नसतो."
पुढचे दोन आठवडे त्या दोघी
भाषेवाचून एकमेकींना हरवू पाहत होत्या.
शेवटचा खोका विमानतळावर आला.
आता पुढची पाळी आमची, आणि टपालखर्च किती ते विचारू नका.

इथं चव्वेचाळीस डिग्री.
मी कूलरमध्ये पाणी भरतोय, वाळा भिजतोय.
यमूताई आल्या, जपान ऐकायला,
हातात भुरक्याची वाटी,
अंगण तापलेलं म्हणून थेट आत, चपलांसकट.
फरशी मी आत्ताच पुसली होती.

अगदी ओठांवर आलं.
मी हसलो, जरा वाकलो,
चहा टाकायला वळलो.

"असे काऊन वाकून राहिले, भाऊ?
कंबर धरली का?"