वीतभर वायर

ब्रेडबोर्डवर दोघे शेजारी बसलेत.
एक इलेक्ट्रेट, शर्टाच्या बटणाएवढा,
तोंडावर काळी लोकर, ठाण्याहून नऊ रुपयांना आणलेला.
दुसरा डिजिटल. तिळाएवढं भोक, बाकी सगळं बंद.
याची किंमत मी बाबांना सांगितलेली नाही.

इलेक्ट्रेटला आधी चारावं लागतं:
बावीसशे ओहमचा रेझिस्टर, मग कपॅसिटर, मग अ‍ॅम्प्लिफायर,
तरी पुटपुटतोच.
वायर लांबवली तर चालते त्याला,
पण वाटेत भेटेल त्याचं ऐकत येतो,
ट्यूबच्या चोकचं, पलीकडच्या गाळ्यातल्या वेल्डिंगचं,
आणि पन्नास हर्ट्झची ती घरघर,
रबाळ्यात जिला आम्ही शांतता म्हणतो.

डिजिटलला फक्त ठोका द्यायचा.
ठोक्यागणिक एक, शून्य, शून्य, एक,
मध्ये कुणाच्या नादी लागत नाही.
मात्र वायर वीतभर. हातभर केली
की आकडे घसरतात,
आणि हा कुरकुरत नाही,
ठणठणीत खोटं बोलतो.

कॉम्प्रेसर नंबर दोन. जनार्दन मढवी, घणसोली गाव,
एकोणतीस वर्षं याच शेडमध्ये.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
"चार दिस. जास्ती नाय."
साहेब म्हणाले, ग्राफ आणा.

ग्राफ आला. नऊ हजार हर्ट्झवर
बाभळीच्या काट्यासारखी एक उभी रेघ.
डिजिटलनं पकडली. इलेक्ट्रेटच्या गदारोळात ती
शोधावी लागते, आणि शोधताना आपणच ती काढतो की काय
असं वाटतं.

हेडफोन बाबांच्या कानाला लावला.
डिजिटल. "कुठं काय? बंद हाय ना?"
त्या पट्टीतलं सगळं
याच मशीनने कधीच खाल्लंय त्यांचं.

मग इलेक्ट्रेट.
डोळे मिटले. मान हळूहळू हलली.
"हां. ही आपली शेड."

अहवालात मी डिजिटल लिहिला.
तोच बरोबर आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही.

बाबा स्क्रू ड्रायव्हर पायजम्याला पुसून खिशात खोचतात.
कॅन्टीनची घंटा होते.
मला ती ऐकू येते,
त्यांना
माझ्या उठण्यावरून.